पाहुण्यांची मुंबई आणि रविवारचा ब्लॉक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'दोन दिवसांत मुंबई' छापाच्या याद्या सुरू होतात. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, कान्हेरी, घारापुरी, आणि तळाला दोन-चार खाऊगल्ल्या. हॉटेलात उतरून टॅक्सीने फिरणाऱ्यांना अशी यादी एक वेळ चालेल. पण पुण्या-नाशिकचे, साताऱ्या-कोल्हापूरचे मराठी वाचक मुंबईत हॉटेलात उतरतात कुठे? ते डोंबिवलीला कॉलेजच्या मैत्रिणीकडे येतात, मुलुंडला जुन्या शेजाऱ्यांकडे येतात, बोरिवलीला वर्गमित्राकडे येतात. त्यांना निवांत बसून गप्पा मारायच्या असतात. जमलं तर थोडं फिरायचं असतं. त्यांचे दोन दिवस नासतात ते रविवारी साडेअकराला सहा माणसं, दोन पिशव्या आणि पेंगुळलेलं पोर घेऊन फलाटावर ताटकळल्यामुळे. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकलचे रूळ बंद ठेवतात, ही साधी गोष्ट या याद्यांत सहसा सापडत नाही, म्हणून हे पत्र.

लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात आणि मध्यरात्रीनंतर तासाभराने थांबतात. मधल्या दोन-तीन तासांत रूळ बदलणं, ओव्हरहेड वायर ओढणं, सिग्नलची आणि सांध्यांची मोठी कामं उरकत नाहीत. म्हणून ती रविवारी, ऑफिसची गर्दी नसताना काढतात. मध्य रेल्वेवर नेहमीचा टप्पा माटुंगा ते मुलुंड, वेळ साधारण अकरा ते पावणेचार-चार. हार्बरवर कधी सीएसएमटी ते चुनाभट्टी आणि वांद्रे, कधी कुर्ला-वाशी, कधी पनवेल-वाशी. पश्चिम रेल्वेवाले त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. तो पुष्कळदा दहा-साडेदहा ते तीन-साडेतीन असतो. कधी पश्चिम रेल्वे शनिवारी रात्रीच काम उरकते आणि रविवारी दिवसा ब्लॉक घेत नाही. त्यामुळे 'रविवारी सगळीकडेच बोंब' हेही खरं नाही. त्या-त्या आठवड्याची घोषणा एक-दोन दिवस आधी होते, ती पाहावीच लागते. सणाच्या किंवा मोठ्या स्पर्धापरीक्षेच्या रविवारी ब्लॉक रद्द होतो किंवा पुढे ढकलला जातो, तेही तिथेच कळतं.

ब्लॉक म्हणजे गाड्या बंद, असा बाहेरगावच्या पाहुण्यांचा समज असतो. हार्बरवर तो बराचसा खरा आहे. त्या टप्प्यात गाड्याच नसतात. कुर्ल्यापर्यंत किंवा वाशी-पनवेल अशा तुटक फेऱ्या सोडतात. तेव्हा नेरुळ-वाशीच्या यजमानाकडे जायचं असेल तर ठाण्यापर्यंत मुख्य मार्गाने येऊन ट्रान्स-हार्बर (ठाण्याहून वाशी-नेरुळकडे जाणारी) लोकल पकडायची, अर्थात त्या दिवशी तिच्यावरही ब्लॉक नाही ना एवढं बघून. मध्य मार्गावर प्रकार वेगळा. तिथे सहसा धीमे आणि जलद यांपैकी एकच जोडी बंद असते आणि सगळ्या गाड्या दुसऱ्या जोडीवर घालतात. जलद मार्ग बंद असेल तर सीएसएमटीहून सुटलेली फास्ट माटुंग्याला स्लोच्या रुळांवर जाते, पुढच्या स्लोच्या मागे रखडते आणि दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचीही तीच गत. हे सहन होण्यासारखं आहे.

खरी गंमत उलट्या ब्लॉकमध्ये. धीमा मार्ग बंद असला की स्लो लोकल फास्टच्या रुळांवरून जातात, आणि त्या रुळांना सगळीकडे फलाट नाहीत. विद्याविहार, कांजुरमार्ग, नाहूर ही स्थानकं सरळ वगळली जातात. सीएसएमटी ते विद्याविहार असा ब्लॉक असेल तर मशीद, सॅन्डहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड वगळतात. यजमानांचं घर कांजुरला असलं तर पाहुणा घर खिडकीतून बघत पुढे जातो. अशा वेळी पुढच्या स्थानकावर उतरून रिक्षा करावी. कांजुरला भांडुप किंवा विक्रोळीवरून रिक्षाने फार वेळ लागत नाही. उलट दिशेची गाडी पकडून परत येण्यात अर्थ नाही, कारण तीही तिथे थांबणार नसते.

आणखी एक खोच आहे. ब्लॉक चारला संपला म्हणून चारला निघू नये. पाच तास थोपलेली माणसं पहिल्या दोन-तीन गाड्यांत कोंबलेली असतात, आणि वेळापत्रक जागेवर यायला तासभर जातो. मुळात रविवारी गाड्या कमी असतात. साडेपाचला निघालेला पाहुणा चारला निघालेल्याच्या फार मागे राहत नाही, आणि बसून येतो.

म्हणून आमच्यासारख्या यजमान उपनगरवासीयांचा सल्ला सरळ आहे. रविवारी अकरा ते पाच लोकलमध्ये बसायचंच नाही. शहर बघायचं ते शनिवारी दुपारनंतर. रविवारी सकाळी घराजवळचं काहीतरी, साडेदहाच्या आत परत. मग अंघोळ, जेवण, वामकुक्षी. ब्लॉकची वेळ आणि रविवारच्या जेवणाची वेळ एकच आहे, याचा फायदा का घेऊ नये?

याची सुरुवात येतानाच होते. पाहुणे सवयीने डेक्कन क्वीनचं तिकीट काढतात. ती पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते, वेळ उत्तम, न्याहारीला डायनिंग कारही आहे. पण कल्याण-ठाण्याला ती थांबत नाही. डोंबिवलीच्या पाहुण्याने दादरला उतरून सामानासकट तेवढंच उलट यायचं हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. त्यांच्यासाठी ६.०५ ची सिंहगड बरी, ती कल्याणला आणि ठाण्यालाही थांबते. यजमान पनवेल-खारघरला असतील तर प्रगती एक्स्प्रेस पनवेलमार्गेच जाते. चेंबूरवाल्यांकडे येणाऱ्यांनी बस घ्यावी आणि मैत्री पार्कला उतरावं. नाशिकहून पंचवटी कल्याणला थांबते. बोरिवली-गोरेगावच्या पाहुण्यांना दादरला गाडी बदलावी लागते. अंधेरीच्या आसपास जायचं असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रो १ ने अंधेरी गाठणं सोपं, दादरचा जिना वाचतो.

दादरबद्दल एक सूचना, विशेषतः पाच-दहा वर्षांनी येणाऱ्यांना. डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट एकसलग क्रमांकाचे झाले आहेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. 'दादरला एक नंबरवर भेटू' असं जुन्या आठवणीने ठरवलं तर एक जण पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर आणि दुसरा मध्य रेल्वेच्या आठ नंबरवर उभा राहतो. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होऊनही २०१८ पासून बरीच वर्षं झाली, पण पत्ता सांगणारे अजून जुनंच नाव सांगतात.

गाडीने येणाऱ्यांना थोडक्यात. द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी तुंबतो तो पुण्याकडे जाणारा घाट आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणारा, कारण लोणावळ्याला जाणारी सगळी मुंबई असते. पुण्याचा पाहुणा बरोबर उलट्या दिशेने जातो, त्यामुळे त्याला रस्ता मोकळा. मुंबईच्या वेशीवरच्या पाच टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. अडचण पुढे आहे: गाडी लावायची कुठे? जुन्या सोसायट्यांत पाहुण्यांसाठी जागा नसते, नव्यांत असते पण एक-दोनच. यजमानांना गाडीचा नंबर आदल्या दिवशी कळवावा, म्हणजे ते गेटवर नोंद करून ठेवतात. नाहीतर रखवालदार फोन लावत बसतो आणि मागे रांग लागते. जागा नाही असं यजमान म्हणाले तर ते खरं मानावं. 'बघू आल्यावर' म्हणू नये.

आता शनिवार. सकाळी पोचून, जेवून, थोडं पडून तीनच्या सुमारास निघावं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं. दोन तासांत सगळं होत नाही, करूही नये. शिल्पांचं दालन आणि लघुचित्रं एवढं पुरे. शेजारच्या काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी सात वाजेपर्यंत खुली असते. तिथून मरीन ड्राइव्हला चालत पंधरा-वीस मिनिटं. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो आणि मे-जूनमध्ये सातनंतर, त्यानुसार संग्रहालयातून बाहेर पडावं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी असेल तर हा बेत रद्द. त्या दिवशी हिंदमाता, शीव, कुर्ला कुठेही पाणी साचू शकतं आणि परतीची खात्री राहत नाही. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात असतातच.

फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट भागात खाण्याचा बेत असेल तर तोही शनिवारीच. तिथली बरीच उपाहारगृहं कचेऱ्यांच्या जिवावर चालतात आणि रविवारी बंद असतात. यादीत नाव वाचून रविवारी गेलेल्यांना शटर बघावं लागतं. सहा ते साडेआठ परतीच्या लोकलला शनिवारीही गर्दी असते, म्हणून गिरगावात जेवून नऊनंतर निघावं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू आहे. चर्चगेट, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर अशी तिची स्थानकं आहेत, आणि मरोळ नाक्याला ती मेट्रो १ ला मिळते. मेट्रोला मेगाब्लॉक नसतो, हे रविवारसाठीही लक्षात ठेवावं. तिकीट मात्र जमिनीवर असतानाच फोनवर काढून ठेवावं, खाली उतरल्यावर नेटवर्कची वाट बघू नये.

लोकलच्या तिकिटात पाहुणे दोन ठिकाणी फसतात. एसी लोकलला वेगळं तिकीट लागतं. फलाटावर आधी आली म्हणून साध्या तिकिटावर तिच्यात चढलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. दुसरं, दोन दिवसांत बरीच चढउतार होणार असेल तर १, ३ आणि ५ दिवसांचा टुरिस्ट पास मिळतो आणि तो मध्य, पश्चिम, हार्बर तिन्हींवर चालतो. खिडकीवर मागितल्याशिवाय तो कोणी सुचवत नाही. रिक्षा शहरात चालत नाहीत. पश्चिमेला वांद्र्याला आणि पूर्वेला शीवला त्यांची हद्द संपते. पुढे टॅक्सी किंवा बेस्ट.

रविवारी सकाळी कुठे जावं हे यजमानांच्या लाइनीवर ठरतं. बोरिवलीकरांकडे असाल तर राष्ट्रीय उद्यान. दार सकाळी साडेसातला उघडतं, मेट्रो ७ चं स्थानक जवळच आहे, आणि कान्हेरीची १०९ लेणी दारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. पहिली बस धरली तरच साडेदहाला परत येता येतं. नऊला पोचलात तर लेण्यांचा नाद सोडून उद्यानातच फिरावं. (सोमवारी उद्यान बंद, राणीची बाग बुधवारी बंद. सुट्टी जोडून आलेले लोक इथेच चकतात.) डोंबिवली-बदलापूरकडे उतरलेल्यांनी अंबरनाथचं शिवमंदिर बघावं. इ. स. १०६० च्या शिलालेखाचं, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ कुठल्याच 'दोन दिवसांत मुंबई'त नसतं, आणि बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम तासभर सहज बघत राहावं असं आहे. अंबरनाथ माटुंगा-मुलुंड टप्प्याच्या पलीकडे असल्याने तिकडच्या फेऱ्यांना ब्लॉकची झळही कमी. दादरकरांकडे असाल तर फुलबाजार, पण सातच्या आत. ऐरोलीजवळ हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात. तिथल्या बोटी भरती-ओहोटी बघून सुटतात, तेव्हा वेळ आधी विचारावी. मुलुंड-ठाण्याकडे येऊर किंवा तलावपाळी. एका सकाळी एकच.

मासे खाणाऱ्या घरी सकाळी बाजार हाच कार्यक्रम. रविवारी आठच्या आत पोचावं, दहानंतर निवड उरत नाही आणि भावही उतरत नाही. सहा माणसांना तळायला सुरमईच्या दहा-बारा तुकड्या, म्हणजे साफ केलेली किलोभर; डोकं-शेपूट जाते हे धरून अख्खी दीड किलोच्या आसपास घ्यावी. कोलंबी सालासकट किलो घेतली तर सोलून साधारण निम्मी उरते, तेवढी सहा जणांच्या कालवणाला पुरते. कल्ले लालबुंद आणि डोळे फुगीर हे जुनं लक्षण अजून खरं आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नये, समोर येतं ते बर्फातलं असतं. माशाला मीठ, हळद, आगळ (कोकमाचा रस) लावून वीस मिनिटं ठेवावं. पाहुणे मदतीला उभे राहिले की हमखास बिघडते ती तळणी: लवकर उरकायचं म्हणून तव्यावर आठ तुकड्या मांडतात, तेल गार पडतं, रवा सुटतो आणि मासा तव्याला धरतो. साध्या तव्यावर चारच्या वर तुकड्या घालू नयेत. पहिल्या चार उलटेपर्यंत वाढणी सुरू करावी, जेवण एकदम मांडायचा अट्टहास मुंबईच्या स्वयंपाकघरात परवडत नाही.

अंघोळींचाही हिशोब असतो. मुंबईतल्या बऱ्याच घरांत न्हाणीघर एक आणि गिझर १५ लिटरचा. दोन किलोवॅटचा गिझर तेवढं पाणी चांगलं तापवायला वीस मिनिटं घेतो, आणि थंड मिसळून त्यात दोघांचं भागतं. सहा जणांना तासाहून जास्त. वर सोसायटीच्या टाकीत पाणी ठरावीक वेळीच चढतं. म्हणून सकाळी बाहेर जाणाऱ्यांनी आल्यावर अंघोळ करावी, घरी राहणाऱ्यांनी आधी उरकावी, आणि पाण्याची वेळ काय हे पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं. यजमान संकोचाने सांगत नाहीत.

जेवण आणि झोप झाल्यावर नाटक. मुलुंडला कालिदास, ठाण्याला गडकरी रंगायतन, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला आचार्य अत्रे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ. जवळपास प्रत्येक मराठी वस्तीला रिक्षाच्या अंतरावर नाट्यगृह आहे आणि रविवारी दुपारी चारच्या सुमारास पुष्कळदा प्रयोग असतो. शिवाजी मंदिरातल्या प्रयोगासाठी मुलुंडहून दादरला जाऊ नये. तिसरी घंटा ब्लॉकसाठी थांबत नाही. तिकिटं शनिवारीच काढावीत, सहा खुर्च्या सलग रविवारी मिळत नाहीत.

परतीसाठी पाहुणे रविवारची ५.१० ची डेक्कन क्वीन धरतात. उपनगरातून ती गाठायची तर तीनलाच, ऐन ब्लॉकमध्ये, निघावं लागतं. म्हणजे जेवणाची घाई, झोप नाही, नाटक नाही. कल्याणच्या बाजूला असाल तर दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी सोलापूर वंदे भारत तिथे थांबते. त्याहून बरं म्हणजे रविवारची रात्र राहून सोमवारी पहाटेची इंद्रायणी. ती सीएसएमटीहून ५.४० ला सुटते, ठाणे-कल्याणला थांबते आणि नऊच्या सुमारास पुण्यात पोचवते. दहाचं ऑफिस गाठता येतं. यजमानांना पहाटे साडेपाचला चहासाठी उठवू नये, रात्रीच निरोप घेऊन ठेवावा.

येताना काय आणावं, हाही प्रश्न पडतो. पुण्याहून बाकरवडी आणू नये. मुंबईत ती नाक्यानाक्यावर मिळते. हंगामात पुरंदरचे अंजीर किंवा सीताफळं आणावीत, नाशिकहून द्राक्षं, कोल्हापूरहून घरचा कांदा-लसूण मसाला. यजमानीणबाई काही बोलत नाहीत, पण मसाल्याची पुडी फ्रिजात सर्वांत आधी जाते.

आपल्याला विनंती एवढीच. ब्लॉकची बातमी आतल्या पानावर, संक्षिप्तच्या तळाला, कधी रविवारीच छापली जाते. ती शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत द्यावी: कोणता मार्ग, धीमा की जलद, कुठून कुठे, किती ते किती, कोणत्या स्थानकांवर गाड्या थांबणार नाहीत, आणि ब्लॉकआधीची शेवटची व नंतरची पहिली गाडी. रेल्वेच्या पत्रकातून यातलं बहुतेक सगळं मिळतं, फक्त छापताना कापलं जातं. आणि नाटकांच्या जाहिराती निर्मितीसंस्थांप्रमाणे लागतात, त्यांच्या शेजारी नाट्यगृहांप्रमाणे चार ओळींचं कोष्टक दिलं तर डोंबिवलीच्या घरात बसलेल्या पाहुण्याला सावित्रीबाई फुलेमध्ये आज काय आहे ते शोधायला अख्खं पान चाळावं लागणार नाही.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)